पोलादाच्या गावातले मातीचे चाक

कुंभाराचे चाक आपण सर्वांनी पाहिले आहे. कुंभार काठीने चाकाला गती देतो. मधोमध मातीचा गोळा ठेवतो. ओल्या हातांनी तो गोळा आवळतो, अंगठा आत घालतो, आणि पाहता पाहता गोळ्याचे मडके होते. कुंभारवाड्यातल्या पोरांना त्याचे नवल वाटत नाही. त्यांचे ते रोजचेच. पण ज्या मुलाने असे चाक जन्मात पाहिले नाही, त्याला काय वाटेल?

अमेरिकेत असा एक मुलगा होता. बिल स्ट्रिकलँड त्याचे नाव. सोळा वर्षांचा होईपर्यंत त्याने चाक पाहिले नव्हते. एकदा पाहिले, आणि त्याच्या आयुष्याला वेगळे वळण लागले. पुढे त्याने आपल्यासारख्या गरीब मुलांसाठी कलेची एक मोठी शाळा उभी केली.

आता चाक काही फुकट फिरत नाही. माती आणावी लागते. भट्टीला जळण लागते. शिकवणाऱ्याला पगार लागतो. हा पैसा आला कुठून? असा पैसा देणाऱ्या संस्था तिथे पुष्कळ आहेत. त्यांना कोणी न्यास म्हणतात, कोणी ट्रस्ट म्हणतात. त्या जी रक्कम देतात तिला अनुदान म्हणतात. अनुदान म्हणजे कर्ज नव्हे, ते फेडायचे नसते. ती भीकही नव्हे, कारण तिचा पैन् पै हिशेब द्यावा लागतो. या पाठात आम्ही त्या पैशाची गोष्ट सांगणार आहोत. ती बिलच्या जन्माआधी शंभर वर्षे सुरू होते, एका विणकराच्या घरात.

इंग्लंडच्या उत्तरेला स्कॉटलंड म्हणून देश आहे. तिथल्या डन्फर्मलिन गावी विल्यम कार्नेगी हातमागावर कापड विणीत असे. १८३५ साली त्याला मुलगा झाला. त्याचे नाव अँड्र्यू. मुलगा वाढत होता आणि इकडे वाफेवर चालणारे माग येत होते. यंत्रमाग आला म्हणजे हातमागवाल्याचे काय होते, हे आपल्याकडच्या विणकरांना आम्ही सांगायला नको. विल्यमचा धंदा बसला. १८४८ साली उसने पैसे घेऊन ते कुटुंब बोटीने अमेरिकेला गेले आणि अ‍ॅलेघेनी नावाच्या गावी राहिले. नदी ओलांडली की पलीकडे पिट्सबर्ग शहर.

अँड्र्यू तेव्हा तेरा वर्षांचा होता. तो कापड गिरणीत लागला. सुताच्या कांड्या बदलायचे काम. आठवड्याला मजुरी १ डॉलर २० सेंट. पुढे तो तार ऑफिसात निरोप्या झाला. शाळा सुटली ती सुटलीच.

त्या गावात कर्नल जेम्स अँडरसन नावाचे एक गृहस्थ होते. त्यांच्याजवळ सुमारे ४०० पुस्तके होती. दर शनिवारी ते आपले कपाट कामकरी मुलांना उघडे करीत. मुलाने एक पुस्तक न्यावे, पुढच्या शनिवारी परत आणावे, दुसरे न्यावे. पैसे नाहीत. अँड्र्यू त्या कपाटावर शिकला. काही दिवसांनी तिथे एक नियम निघाला. जी मुले कारागिराच्या हाताखाली उमेदवारी करतात त्यांनाच पुस्तके फुकट. बाकीच्यांनी वर्षाला २ डॉलर भरावेत. तारवाला पोरगा काही कारागिराचा उमेदवार नव्हे. मग अँड्र्यूने काय केले? त्याने वर्तमानपत्राला पत्र लिहिले. कामकरी मुलांसाठी दिलेली पुस्तके कामकरी मुलांना का मिळू नयेत, असे विचारले. नियम बदलला.

हा प्रसंग लहान आहे. पण धर्मादाय कामात असे वरचेवर घडते. देणारा मन मोठे करून देतो, आणि दाराशी बसलेला माणूस नियम असा वाचतो की ज्याच्यासाठी दिले तोच बाहेर राहतो. अशा वेळी अर्ज लिहिता येणे किती कामाचे असते, ते तुम्ही आता जाणता.

पुढे अँड्र्यू कार्नेगी पोलादाच्या धंद्यात शिरला. पिट्सबर्गला दोन नद्या मिळतात आणि तिसरी होऊन वाहतात. डोंगरात कोळसा, नदीतून वाहतूक. रेल्वेचे रूळ, पूल, उंच इमारती, सगळ्यांना पोलाद हवे. गाव भट्ट्यांनी भरून गेले. धूर इतका, की भर दुपारी रस्त्यावरचे दिवे लावावे लागत. कार्नेगी मोठा धनाढ्य झाला. १९०१ साली त्याने आपला कारखाना ४८ कोटी डॉलरांना विकला.

श्रीमंताने आपला पैसा जिवंतपणीच लोकांच्या कामी लावावा, मुलांच्या नावे करून मरू नये, असे त्याने १८८९ साली एका लेखात लिहिले होते. तसा तो वागलाही. १९१९ साली तो वारला तोपर्यंत त्याने सुमारे ३५ कोटी डॉलर देऊन टाकले होते. देशोदेशी मिळून २,५०९ वाचनालये त्याच्या पैशाने झाली. ज्या अ‍ॅलेघेनीत त्याला पुस्तके मिळाली, तिथे १८९० साली त्याचे वाचनालय उघडले. १८९५ साली पिट्सबर्गमध्ये त्याने मोठी संस्था काढली. तिच्यात वाचनालय, संग्रहालय आणि चित्रांचे दालन. पुढच्या वर्षापासून तिथे चित्रांची प्रदर्शने भरू लागली. जुन्या, मेलेल्या चित्रकारांची महागडी चित्रे जमवण्यापेक्षा आजच्या चित्रकारांची घ्यावीत, त्यांतलेच काही उद्या थोर ठरतील, असा त्याचा विचार होता. याच कामाला आज समकालीन कलेला साहाय्य असे म्हणतात. समकालीन म्हणजे आपल्याच काळातले.

इथवर सगळे गोड आहे. पण गोष्ट अर्धीच सांगितली तर ती खोटी होते.

पिट्सबर्गजवळ होमस्टेड येथे कार्नेगीचा कारखाना होता. १८९२ साली तिथल्या कामगारांची मजुरी कापायचे ठरले. कामगारांचा संघ नको, असेही मालकांनी ठरवले. कार्नेगी तेव्हा स्कॉटलंडला गेला होता. कारभार हेन्री फ्रिक पाहत होता. त्याने कारखान्याला उंच कुंपण घातले आणि सुमारे ३०० भाडोत्री पहारेकरी रात्री नदीतून होड्यांवर आणले. ६ जुलैच्या पहाटे काठावर गोळ्या झडल्या. दोन्हीकडची माणसे मेली. मग सरकारी सैनिक आले. संप मोडला, संघ मोडला. भट्टीपुढचा दिवस बारा तासांचा झाला. सहा वर्षांनी, १८९८ साली, त्याच होमस्टेडला कार्नेगीने सुंदर वाचनालय बांधून दिले. तेव्हाचे कामगार विचारीत, "बारा तास आगीपुढे उभा राहिलेला माणूस हे पुस्तक वाचणार कधी?" या प्रश्नाला आजवर कोणी नीट उत्तर दिलेले नाही.

आपल्याकडेही असे उदाहरण आहे. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे नाव तुम्ही ऐकले असेल. जमशेटजी जीजीभाई १७८३ साली जन्मले. लहानपणीच आईबाप गेले. चीनशी व्यापार करून ते फार श्रीमंत झाले. त्या व्यापारात कापूस होता तशी अफूही होती. त्या अफूने चीनमधली किती घरे बसली त्याची गणती नाही. याच जमशेटजींनी १८५३ साली कलाशाळेसाठी १ लाख रुपये देऊ केले आणि १८५७ साली शाळा सुरू झाली. मुंबईचे मोठे रेल्वे स्टेशन, आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, त्याच्या दगडावर पाने, फुले, पशुपक्षी कोरलेले आहेत. ते काम करण्यात या शाळेचे विद्यार्थी होते. गाडी पकडायच्या घाईत आपण कधी वर पाहत नाही. पुढच्या वेळी पाहा.

मग असा पैसा घ्यावा की न घ्यावा? शहाण्या माणसांतही यावर दोन मते आहेत. आमचे मत असे, की लोकांच्या घामातून आलेला पैसा लोकांकडे परत येत असेल तर घ्यावा, पण कुठून आला ते विसरू नये. पावतीमागे इतिहास पुसला जात नाही.

आता न्यासाचे गणित पाहू. समजा, एकाने १ लाख रुपये दान केले. ते एका वर्षात वाटले तर संपले. तेच सुरक्षित ठिकाणी ठेव म्हणून ठेवले आणि सालीना ६ टक्के व्याज आले, तर दर वर्षी ६ हजार रुपये हाती येतात. मुद्दल जागच्या जागी. दाता मेला तरी काम चालू. बी मोडून खाऊ नये म्हणतात, तसेच हे. ती ठेव सांभाळायला जी माणसे नेमतात ती विश्वस्त. ठेव त्यांची नव्हे, ते फक्त राखणदार. अमेरिकेत खासगी न्यासांना कायदाच असा आहे, की दर वर्षी मालमत्तेच्या सुमारे ५ टक्के इतकी रक्कम कामी लावलीच पाहिजे. नाही तर न्यास म्हणजे नुसती कर चुकवायची तिजोरी झाली असती. आपल्या राज्यात १९५० सालचा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा आहे. देवस्थान असो, तालीम असो, शाळा असो, सार्वजनिक न्यासाची नोंद धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत होते आणि हिशेब तपासून तिथे द्यावा लागतो. आपल्या गावच्या देवस्थानचा हिशेब शेवटचा कधी गेला, हे विचारायला हरकत नाही. विचारले म्हणून देव रागावत नाही. रागावलाच तर पुजारी किंवा पंच रागावतील.

असो. पुन्हा पिट्सबर्गला जाऊ.

कार्नेगीच्या त्या संस्थेत दर शनिवारी मुलांसाठी चित्रकलेचा वर्ग भरत असे. फी नव्हती. शहरातल्या शाळांतले शिक्षक हात चांगला असलेली मुले निवडून पाठवीत. जोसेफ फिट्झपॅट्रिक नावाचे मास्तर शेकडो मुलांना एकदम शिकवीत. पाहायला शिका, असा त्यांचा घोषा असे. १९३०च्या दशकाच्या अखेरीला त्या वर्गात अँडी वॉरहोला नावाचा एक फिकट मुलगा येऊ लागला. त्याचे आईबाप आज स्लोव्हाकिया म्हणतात त्या देशातल्या मिकोवा खेड्यातून आले होते. बाप मजुरी करी. आई फळांचे रिकामे डबे कातरून पत्र्याची फुले करी आणि ती विकून घरखर्चाला हातभार लावी. अँडीला लहानपणी हातपाय थरथरण्याचा आजार झाला होता. अंथरुणात पडून तो चित्रे रंगवी. १९४२ साली बाप वारला. त्याने पोटाला चिमटा घेऊन काही पैसे साठवले होते. ते अँडीच्या कॉलेजसाठी ठेवले होते.

हा मुलगा पुढे अँडी वॉरहॉल या नावाने जगभर गाजला. १९६२ साली त्याने दुकानात मिळणाऱ्या सूपच्या डब्याची ३२ चित्रे प्रदर्शनात मांडली. सूप म्हणजे कढणासारखा पदार्थ. एका डब्यासारखा दुसरा डबा, फक्त चवीचे नाव वेगळे. तुम्ही म्हणाल, "ही काय कला झाली? वाण्याच्या फळीवर रोज बघतो आम्ही!" तिथल्या लोकांनीही हेच म्हटले. पण जे रोज पाहतो आणि तरी पाहत नाही, ते भिंतीवर टांगले म्हणजे विचार सुरू होतो. डहाणूकडचे जिव्या सोमा म्हसे यांचे उदाहरण घ्या. वारली लोक लग्नाचा चौक कुडाच्या भिंतीवर लिहीत. म्हसे यांनी ती चित्रकला कागदावर आणली, त्यात रोजचे मासे धरणे, भात लावणे आणले, आणि परदेशांत त्यांची चित्रे लागली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

वॉरहॉल १९८७ साली वारला. मृत्युपत्रात त्याने आपली बहुतेक सगळी मिळकत चित्रकलेच्या वाढीसाठी न्यास करायला ठेवली होती. त्या न्यासाने आजवर २० कोटी डॉलरांहून अधिक अनुदाने दिली आहेत. जिवंत, धडपडणाऱ्या कलावंतांना जागा देणाऱ्या लहान लहान संस्थांना त्यातला पुष्कळ पैसा जातो. शनिवारचा तो फुकट वर्ग असा व्याजासकट परत आला.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. त्या वर्गाला हात चांगला असलेली मुले निवडून पाठवीत. ज्यांचा हात चांगला आहे की नाही हे कोणी पाहिलेच नाही, त्या मुलांचे काय? इथे बिल स्ट्रिकलँड येतो.

कार्नेगी राहत होता ते अ‍ॅलेघेनी गाव १९०७ साली पिट्सबर्गमध्ये सामील झाले. त्याच भागात मँचेस्टर नावाची वस्ती आहे. बिल १९४७ साली पिट्सबर्गला जन्मला आणि या वस्तीत वाढला. वस्ती बहुतेक काळ्या लोकांची. कामे कमी होत चाललेली, घरे पडायला आलेली. अमेरिकेत काळ्या लोकांना गोऱ्यांनी किती वागवले आणि कसे वागवले, हा वेगळा पाठ होईल. आपल्याकडे गावकुसाबाहेर राहिलेल्यांना ते समजायला वेळ लागणार नाही.

१९६३ साली बिल हायस्कुलात होता. अभ्यासात लक्ष नाही, पुढे काय करायचे ठाऊक नाही. एक दिवस तो एका वर्गाच्या दारावरून जात होता. दार उघडे होते. आत कॉफीचा वास येत होता, बाजा वाजत होता, आणि फ्रँक रॉस नावाचे मास्तर चाकावर भले मोठे भांडे चढवीत होते. बिल दारातच थबकला. मग आत गेला आणि म्हणाला, हे मला शिकवा. मास्तरांनी सांगितले, तुझ्या वर्गशिक्षकाची चिठ्ठी घेऊन ये. त्याने आणली.

पुढची दोन वर्षे बिल बाकीच्या तासांना दांडी मारून मातीत रमला. तो स्वतः हसत सांगे, की त्या तासांच्या शिक्षकांना तो आपली भांडी भेट देई, आणि ते त्याला पास करीत! (हे मुलांना वाचून दाखवू नये.) रॉस मास्तरांनी त्याला नुसती माती शिकवली नाही. जॅझ नावाचे काळ्या लोकांचे संगीत ऐकवले. रानात धबधब्यावर बांधलेले एक नावाजलेले घर दाखवायला नेले. त्या घरातला उजेड पाहून बिल चकित झाला. आपल्या वस्तीत असा उजेड का नाही, असे त्याच्या मनात आले. मास्तरांनीच त्याला विद्यापीठात अर्ज करायला लावले.

४ एप्रिल १९६८ रोजी काळ्या लोकांचे पुढारी मार्टिन लूथर किंग यांचा गोळी घालून खून झाला. अमेरिकेतल्या शहराशहरांत दंगे उसळले. पिट्सबर्गही पेटले. दुकाने जळाली, रस्त्यावर सैनिक आले. बिल त्या वेळी विद्यापीठात शिकत होता. मुले रस्त्यावर होती, आणि त्यांना देण्यासारखी एकच गोष्ट त्याच्याजवळ होती. ती म्हणजे मातीचे चाक. त्याच वर्षी त्याने वस्तीतल्या एका जुन्या घरात शाळा सुटल्यानंतरचा वर्ग काढला. नाव ठेवले मँचेस्टर क्राफ्ट्समेन्स गिल्ड, म्हणजे मँचेस्टरच्या कारागिरांचा संघ. पहिला पैसा तिथल्या ख्रिस्ती धर्मसंस्थेने दिला. रक्कम थोडी, पण वेळेवर. बियाण्याला पैसा पेरणीच्या वेळीच लागतो. पीक उभे राहिल्यावर देणारे पुष्कळ भेटतात.

मुले येऊ लागली. शाळेत ज्यांचे मन लागत नव्हते ती तासन् तास गोळा मधोमध आणायची खटपट करीत. माती लहरी असते. घाई केली की भांडे बसते. रागाने दाबले की फाटते. बसलेले भांडे पुन्हा गोळा करायचे आणि पुन्हा चाकावर ठेवायचे. नापासाचा शिक्का बसलेल्या मुलाला हे नवीनच होते.

१९७२ साली शेजारचे बिडवेल नावाचे प्रौढांचे कामधंदा शिकवणारे केंद्रही बिलच्या हाती आले. ते अडचणीत होते. थोड्याच वर्षांत पोलादाच्या भट्ट्या एकामागून एक विझू लागल्या. हजारो कामगार घरी बसले. चाळीस-पन्नास वर्षांचे बापे पुन्हा शिकायला बाकावर येऊन बसले. तुमच्याइतके त्यांचे दुःख दुसऱ्या कोणाला कळणार? या काळात पोटासाठी बिल विमान चालवायलाही शिकला आणि काही वर्षे सुट्टीच्या दिवशी एका विमान कंपनीत वैमानिक होता. ती कंपनी १९८२ साली बुडाली. मग तो पुरता शाळेचाच झाला.

आता मोठी इमारत हवी होती. इथे बिलने जो हट्ट धरला, त्यासाठी आम्ही हा पाठ लिहायला घेतला. गरिबांसाठी काही बांधायचे म्हटले की आपण काय बांधतो? पत्र्याची शेड. भिंतीला चुना. मोडके बाक दुसऱ्या शाळेतून आणलेले. "एवढे तरी मिळाले, नशीब समजा." बिल म्हणाला, असे चालणार नाही. त्याने नामांकित वास्तुकार टासो कात्सेलास यांच्याकडून आराखडा करून घेतला. १९८६ साली इमारत झाली. सुमारे ६२,००० चौरस फूट. कमानी आहेत, वरून उजेड येतो. अंगणात कारंजे आहे. खिडक्यांना गज नाहीत. दारात अंगझडती नाही. भिंतींवर खरी चित्रे, ओसरीत खरी फुले, कागदाची नव्हेत.

लोकांनी विचारले, अशा मुलांना फुले कशाला? कारंजे कशाला? या प्रश्नात "अशा" हा शब्द फार वाईट आहे. फूल पाहायला दाखला लागत नाही. बिलचे म्हणणे सरळ होते. मुलाला तुरुंगासारख्या जागेत ठेवा, तो कैद्यासारखा वागेल. चांगल्या जागेत ठेवा, तो त्या जागेला शोभेल असा वागेल. पुढे अनेक वर्षांनी तो लोकांना सांगे, की आमच्याकडे मारामारी नाही, चोरी नाही, आणि पहारेकऱ्यांची फौजही नाही. आसपासच्या शाळांत मात्र हत्यारे शोधायची यंत्रे दारात बसवली होती.

एवढ्या कामाला एका दात्याचा पैसा पुरत नाही. बिलने सरकारकडून घेतला, कारखानदारांकडून घेतला, न्यासांकडून घेतला. पिट्सबर्गमध्ये पोलादाच्या, कोळशाच्या, बँकांच्या पैशातून झालेले मोठे न्यास आहेत. हाइन्झ नावाचे घराणे आहे. बाटलीतल्या चटण्या, लोणची आणि टोमॅटोचा सॉस विकून ते गबर झाले. त्या घराण्याचे जॉन हाइन्झ अमेरिकेच्या वरिष्ठ सभागृहात सभासद होते. त्यांनी बिलला मदत देऊ केली, पण त्यांना तिथे स्वयंपाकाचे शिक्षण हवे होते. बिल कुंभार. त्याला स्वयंपाकातले काय कळणार? त्याने विचार केला. मोठ्या हॉटेलांना स्वयंपाकी हवेत, आणि बेकारांना काम हवे. दात्याची इच्छा आणि लोकांची गरज इथे एका रेषेत येत होती. त्याने होकार दिला आणि स्वयंपाकशाळा सुरू झाली.

सगळ्या वेळी अशी रेष जुळत नाही. दात्याला मुलींची शिवणशाळा हवी, गावाला पाणी हवे. दात्याला आपल्या नावाची पाटी हवी, संस्थेला विजेचे बिल भरायचे असते. इमारतीला पैसा देणारे चटकन मिळतात. मास्तरांच्या पगाराला, भट्टीच्या जळणाला, छपराच्या दुरुस्तीला देणारा विरळा. अनुदान बहुधा ठरावीक वर्षांपुरते असते, हप्त्याहप्त्याने येते, आणि दर हप्त्याआधी किती मुले आली, काय शिकली, पैसा कशावर गेला, हे लिहून द्यावे लागते. तीन वर्षांनी ते थांबले की चाक थांबते. मुलांना काय सांगायचे? काही संस्था मग दात्याला जे आवडेल तेच काम करू लागतात. कागदावर सगळे छान दिसते, आणि वस्तीत कोणाला त्याचा पत्ता नसतो. म्हणून आमचे असे मत आहे, की अनुदानाची अट वाचताना "हे आम्हाला हवे होते का?" हा प्रश्न आधी विचारावा, आणि "किती मिळणार?" हा नंतर. नको असेल तर नाही म्हणण्याचीही तयारी ठेवावी. हे लिहिणे सोपे आहे, रिकाम्या थैलीने करणे अवघड आहे, हे आम्ही जाणतो.

एक वेगळ्या तऱ्हेचे अनुदानही बिलला मिळाले. मॅकआर्थर नावाचा न्यास आहे. तो काही निवडक माणसांना अर्ज न मागवता, कसलीही अट न घालता पाच वर्षे पैसे देतो. कसे खर्चावेत ते ज्याचे त्याने पाहावे. १९९६ साली बिलची निवड झाली. असा विश्वास टाकणारे न्यास थोडे आहेत.

दुसऱ्याच्या पैशावर कायम विसंबून राहू नये म्हणून बिलने स्वतःची मिळकतही पाहिली. इमारतीत ३५० माणसांचे नाट्यगृह आहे. तिथे जॅझचे नामवंत वादक येऊ लागले. डिझी गिलेस्पीसारखा मोठा वादक तिथे वाजवून गेला. त्या मैफिलींच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या आणि विकल्या गेल्या. २००३ साली काचेचे मोठे फूलघर झाले. तिथे ऑर्किड नावाची नाजूक फुले वाढवायला शिकवतात आणि ती बाजारात जातात. वस्तीतल्या मुलांनी मात्र फी द्यायची नाही. शाळा सुटली की यायचे. माती, कॅमेरा, संगणकावरचे चित्र, जे आवडेल ते शिकायचे. बाहेरून नावाजलेले कलावंत येतात, काही दिवस राहतात आणि मुलांच्या शेजारच्या चाकावर बसून आपले काम करतात. मोठ्या कलावंताचेही भांडे कधी कधी चाकावर बसते, हे मुलांना तिथे पाहायला मिळते.

इतर शहरांतल्या लोकांनी पिट्सबर्गला येऊन हे पाहिले आणि आपल्याकडे तशी केंद्रे काढली. मिशिगन राज्यात ग्रँड रॅपिड्स येथे एक आहे. दुसरे सातासमुद्रापलीकडे, इस्राएलमधल्या अक्को शहरात आहे. तिथे ज्यू राहतात तसे अरबही राहतात. बाहेर त्यांच्यात वैर आहे. केंद्रात दोघांची मुले एका वर्गात बसतात, आणि शिक्षक हाक मारील तेव्हा कॅमेरा एकमेकांच्या हाती देतात.